फ्रान्स देशाविषयी कळवण्यास हरकत नसलेली माहिती

फ्रान्स, ता. १० एप्रिल १९१६

आक्का,

तुझ्या पायांवर डोकं. धाकट्या रामकिसनला आशीर्वाद. तुला हे वाचून दाखवणाऱ्या आप्पाराव मास्तरांना नमस्कार.

फ्रान्स मुलखात येऊन दोन महिने झाले. पत्र टाकलं नाही, कारण काय लिहायचं ते ठरत नव्हतं. रिसाल्याच्या साहेबांनी घोडे सांभाळणाऱ्या आम्हा सगळ्या सइसांना रांगेत उभं करून हुकूम ऐकवला. गावाचं नाव लिहायचं नाही. लढाईचं लिहायचं नाही. कोण मेलं, कोण जखमी झालं, रिसाला कुठं जाणार, हे लिहायचं नाही. तक्रार तर लिहायचीच नाही. दफ्तरात एक मराठी जाणणारा मुन्शी आहे. तो प्रत्येक कागद वाचतो आणि नको ते काळ्या शाईनं पुसतो. मी विचारलं, मग लिहायचं काय? साहेब म्हणाले, देशाची माहिती लिहा. खाणं, लोक, रीतिरिवाज, इतिहास. घरच्यांना बरं वाटतं.

म्हणून माहिती लिहितो.

या देशात उसाशिवाय साखर होते. जमिनीत मुळ्यासारखा जाड कंद येतो, त्याच्या रसाची साखर करतात. इंग्रज त्या कंदाला बीट म्हणतात. आमचा जिल्हाही बीडच, असं मी साहेबांना सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. कशासाठी ते बोलले नाहीत.

इथं लोणी कुत्रा काढतो. घराच्या भिंतीला मोठं लाकडी चाक असतं. कुत्रा त्यात चालतो, चाक फिरतं, आत रवी फिरते. आम्ही उतरलो आहोत त्या घरच्या कुत्र्याला रविवारी सुट्टी असते.

पाव हातभर लांब असतो. तो काखेत धरून आणतात, कशात गुंडाळत नाहीत. देवळाच्या शिखरावर कळसाच्या जागी लोखंडी कोंबडा असतो. वारा येईल तिकडं तो तोंड करतो. त्याची पूजा करत नाहीत.

इतिहास असा की या लोकांना पूर्वी राजा होता. सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांनी त्याचं डोकं उडवलं. त्यासाठी यंत्र होतं. आता राजा नाही. राज्य चाललं आहे.

आमचे घोडे एका म्हातारीच्या गोठ्यात बांधले आहेत. तिला सगळे मादाम म्हणतात. मादाम म्हणजे बाई. तिच्या सहा गाई आहेत. इथं नांगराला घोडा जुंपतात आणि नांगर बायका धरतात. शेतात सगळीकडं बायकाच दिसतात.

तब्येत चांगली आहे.

शहादेव


धारूर, ता. २८ मे १९१६

(बाई सांगतील तसेच लिहावे, सुधारू नये, अशी त्यांची अट आहे. तसेच लिहिले आहे. – आप्पाराव)

शहादेव,

तुझा कागद पोचला. मास्तरनं तीनदा वाचला. एकदा घरात आन दोनदा पारावर. पारावर इतकी माणसं कीर्तनालाबी येत न्हाईत. कुत्र्याचं लई जणांना पटलं न्हाई. मुंजाजी धनगर म्हणला, कुत्रा चाकात चालंल, पन थांबायचं कवा हे त्याला कोण सांगतं. ते इचारून कळीव.

राजाच्या डोक्याचं मास्तरनं पारावर वाचलं न्हाई.

(हा मुलूख निजाम सरकारचा आहे आणि मी सरकारी शाळेत नोकर आहे. तेथे 'राजाचे राज्य संपले' एवढेच वाचले. – आ.)

मला तीन गोष्टी सांग. कुत्रा लोणी काढतो तर त्याला ताक मिळतं का. मादामच्या घरात गडीमाणूस कावून न्हाई. आन तू जेवतो का. कुत्र्याचं लिवलं, कोंबड्याचं लिवलं, आन तुझी एकच वळ. तब्येत चांगली हाय हे तर सरकारबी लिवतं.

इकडं समदं ठीक हाय. किल्ल्याखालच्या रानात नांगरट झाली, रामानं एकट्यानं केली. सीताफळींना फूल लागलंय. नगरहून भरतीचा जमादार आलता. त्यानंबी पारावर बसून तुझा कागद ऐकला. उभ्या नोकरीत असा कागद ऐकला न्हाई म्हणला. नक्कल मागितली. मास्तरनं चांगल्या अक्षरात करून दिली.

रामा पारावर मागं बसतो. ऐकतो, बोलत न्हाई. समदे हसतात तवाबी हसत न्हाई. काल मास्तरला इचारत व्हता, नगर किती कोस.

आक्का

(ता. क. पॅरिस शहरी लोखंडी मनोरा आहे. त्याची उंची माझ्याजवळच्या भूगोलाच्या दोन पुस्तकांत दोन वेगळ्या दिल्या आहेत. विद्यार्थ्यांना कोणती सांगावी ते पडताळून कळवावे. – आ.)


फ्रान्स, ता. १२ जुलै १९१६

आक्का,

कुत्र्याला ताक मिळतं. थांबायचं कधी ते त्याचं त्याला कळतं, लोणी आलं की चाक जड होतं. हे मुंजाजीला सांगावं.

मादामचा नवरा पूर्वीच वारला. तिला एक मुलगा आहे, पिएर. तो घरी नाही. कुठं आहे ते मला लिहिता येत नाही.

मी जेवतो.

मास्तरांचा मनोरा मी पाहिला नाही. मादामनंही नाही. ती पॅरिसला कधी गेली नाही. तिच्या मते तिकडं जाण्यासारखं काही नाही.

गेल्या महिन्यात इथल्या सरकारनं हुकूम काढून घड्याळं एक तास पुढं केली. आता अकरा वाजतात तेव्हा खरे दहाच वाजलेले असतात. उजेड वाचतो म्हणतात. घोड्यांना हुकूम कळला नाही. ते जुन्या वेळेलाच चारा मागतात.

जमादाराला नक्कल द्यायला नको होती.

(येथे चार ओळी काळ्या शाईने पुसल्या आहेत.)

पहिल्या पत्रात काही माहिती राहून गेली होती. ती आता लिहितो. रामकिसनला ही मुद्दाम वाचून दाखवावी. या देशात ज्वारी नाही. भाकरी नाही. मिरची शोधून मिळत नाही. दूध नासवून त्याचा गोळा करतात, तो तळघरात महिनाभर ठेवतात आणि बुरशी आली की खातात. वास गोठ्यापर्यंत येतो. पाऊस पडला की भिंतीवरच्या गोगलगाई गोळा करून लसूण घालून खातात. मी पाहिलं आहे. पाऊस बाराही महिने असतो. चिखल घोड्याच्या गुडघ्याला लागतो. उन्हाळ्यात दिवस दहा वाजेपर्यंत मावळत नाही, त्यामुळं माणसाला झोप येत नाही. अंघोळ लोक सहसा करत नाहीत.

आपल्याकडच्या माणसानं येऊन राहावं असा हा देश नाही. ही तक्रार नाही, माहिती आहे.

तब्येत चांगली आहे.

शहादेव


धारूर, ता. २४ ऑगस्ट १९१६

शहादेव,

तुझ्या कागदात चार वळी काळ्या व्हत्या. मास्तरनं उन्हात धरून बघितलं, पाठीमागून बघितलं, कायबी दिसलं न्हाई. म्या म्हणलं राहू द्या. पुसलं तेच सांगायचं आसंल त्याला.

रामाला वाचायला सांगितलं ते वाचलं. पारावरबी वाचलं. आता न्हाई म्हणता येत न्हाई, बाजारच्या दिशी लोक इचारतात, फरान्सचा कागद आला का. तुला वाटलं आसंल की हे ऐकून कुणाला तिकडं यावं वाटायचं न्हाई. तसं झालं न्हाई. नासलेल्या दुधाचं दोनदा वाचायला लावलं. गोगलगाईचं ऐकून साखराबाई उठून गेली, आन तोंड धुऊन परत पुढचं ऐकायला येऊन बसली. धा वाजेपर्यंत ऊन म्हणल्यावर माणसं बोलाया लागली, तेवढ्यात किती खुरपण व्हईल. चिखलाचं तर कुणी मनावरच घेतलं न्हाई. औंदा इथं पाऊस कमी हाय.

जमादारानं तुझी नक्कल केजात वाचली, माजलगावात वाचली. अकरा पोरं नाव लिवून गेली म्हणतात. हे कळल्यापासून मास्तर पारावर येत न्हाई.

रामा नारायणगडाला दर्शनाला गेलाय. चार दिसांत येतो म्हणला. आज अकरावा दिस. जाताना त्यानं बैलांना चारा टाकला, दोन्ही रांजण भरले, आन माझ्या पाया पडला. नारायणगडाला जाताना कुणी बहिणीच्या पाया पडतं का. तवा माझ्या ध्यानात आलं न्हाई. म्या जवस निवडत व्हते.

आक्का

(मनोऱ्याची उंची आता नको. – आ.)


फ्रान्स, ता. ३० सप्टेंबर १९१६

आक्का,

रामकिसन नारायणगडाला नाही. तो नगरला आहे. हे पत्र पोचेपर्यंत तुलाही ते कळलं असेल. खाली लिहिलेली माहिती मास्तरांनी नगरला जाऊन त्याला समक्ष वाचून दाखवावी. यात लढाईचं काही नाही. ही या देशातली एक रीत आहे.

इथंही गावाला पाटील असतो. त्याला मेर म्हणतात. जन्म, लग्न, मयत, सगळ्याची नोंद तोच करतो. आमच्या गावचा मेर सुतार आहे. इथले शेतकरी लाकूड कोरून केलेले जोडे घालतात, मेरही तेच घालतो. फरसबंदीवरून चालला की लांबून आवाज येतो.

मुलाविषयीचा कागद घरी द्यायचा असला तर तो टपालानं येत नाही. सरकारकडून मेरकडं येतो आणि मेर स्वतः चालत जाऊन देतो. त्या दिवशी तो काळा कोट घालतो. काळा कोट घालून निघाला की गल्लीतल्या बायका आत जातात आणि दारं लावून घेतात. मग दाराआड उभ्या राहून ऐकतात, तो कुठं थांबतो. पुढं गेला की एकेक दार उघडतं. जिथं थांबतो ते उघडत नाही, त्याला वाजवावं लागतं. या गावात त्रेसष्ट घरं आहेत. मी आल्यापासून तो एकवीस घरी थांबला.

गेल्या मंगळवारी तो आमच्या फाटकात थांबला. मादाम अंगणात शेंगा सोलत होती. तिला दार लावायला वेळ मिळाला नाही. तिनं त्याला सांगितलं, तू घर चुकलास. त्यानं टोपी काढून तिचं पूर्ण नाव घेतलं. मग तिनं त्याला आत नेऊन सफरचंदाची दारू दिली आणि त्यानं ती घेतली. तो गेल्यावर ती पुन्हा शेंगा सोलायला बसली. टोपली पुरी केली. धारेची वेळ झाली तशी उठली, पण तिच्या हातून धार निघेना. मी काढली. सहाही गाईंची.

नंतर तिनं मला विचारलं, तुला भाऊ आहे का. एवढी भाषा मला कळते. आहे म्हणालो. किती वर्षांचा, म्हणाली. मला एकोणीस म्हणता येतं. पिएरही एकोणीसचा होता.

एवढीच माहिती आहे.

शहादेव

(पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात: वाचले. देशातील रीतिरिवाज. हरकत नाही.)


धारूर, ता. २६ नोव्हेंबर १९१६

शहादेव,

ह्या वेळी म्या तुला माहिती लिवते. नगर शहराची. म्या आन मास्तर जाऊन आलो. मास्तरनं शाळेला रजा टाकली. आसारामची बैलगाडी केली. बीड, पाटोदा, आष्टी करत सा दिस लागले.

नगरला किल्ला हाय. आपल्यावाणी डोंगरावर न्हाई, सपाटीला हाय, आन भवताली खंदक. तिथं जर्मन लोक कैदेत ठिवल्यात म्हणतात. ते सांजचं बाजा वाजवतात. रस्त्यावर ऐकू येतो. चांगला वाजवतात. नगरची माणसं दुकानात बसून चहा पितात, अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून. मास्तर प्याला, म्या न्हाई. माहिती संपली.

रामाची वळख पटली न्हाई. खाकी कपडे, आन पटका दुसऱ्याच कुणी बांधल्यावाणी. सइसातच घेतलंय. दादाच्याच रिसाल्यात पाठवा म्हणून त्यानं तीन दिस दफ्तरापुढं धरणं धरलं व्हतं, ते समद्यांना ठाऊक हाय. तिथल्या सुभेदारानं आमाला फाटकापाशी बाभळीखाली बसू दिलं. वयस्क माणूस. तोबी ऐकत उभा राहिला. मास्तरनं तुझा कागद वाचला. मेर फाटकात थांबला तिथवर वाचला आन कागद सुभेदाराच्या हातात दिला. पुढचं सुभेदारानं वाचलं.

रामानं समदं ऐकून घेतलं. मग म्हणला, "आक्का, हे मला पैल्याच कागदाला कळलं व्हतं."

म्या म्हणलं, काय कळलं व्हतं.

"दादा घरी व्हता तवा कधी दोन वाक्यं संगं बोलला का? आई-बा प्लेगात गेले तवा बोलला न्हाई. आन आता कुत्र्याची सुट्टी लिवतो, कोंबड्याचं तोंड कुणीकडं ते लिवतो. पारावर समदे हसत व्हते, म्या मास्तरला नगर किती कोस ते इचारलं. त्याच्यापाशी कुणी न्हाई, आक्का."

तुमाला दोघांना वाढवलं म्या, आन तुला वळखलं त्यानं.

मग सुभेदारानं मला बाजूला बोलावलं. हळू बोलला. "बाई, पोराचं वय सतरा हाय म्हणा. मी आत्ता नाव काढतो. ऊन उतरायच्या आत गाडीत बसवून घेऊन जा."

म्या रामाकडं बघितलं. त्याला ऐकू गेलं व्हतं. तो बुटाचे बंद बघत व्हता. मला हात जोडले असते तर म्या सतरा म्हणले असते. त्यानं काय केलं न्हाई. नुसता बसला.

म्या म्हणलं, एकोणीस.

परतीच्या वाटंनं मास्तर माझ्याशी बोलला न्हाई.

(हे खरे आहे. आष्टीपर्यंत मी बोललो नाही. – आ.)

गावात म्या सांगितलं की आमी पोचलो तवा पोरगा बोटीत बसला व्हता. तुला खरं लिवलं. दुसऱ्याकडून कळण्यापरीस माझ्याकडून कळावं. त्याच्यासंगं घोंगडी दिलीय आन जवसाची चटणी. तिकडं पोचला की त्याला पैल्यांदा खाऊ घाल, मग रागव.

मादामला काय सांगावं मला कळत न्हाई. तिला म्हणावं, गाईंची धार माझ्या भावाला काढू देत जा. आन कागदाच्या तळाला ज्यानं हरकत न्हाई लिवलं त्याला माझा रामराम सांग.

आक्का


फ्रान्स, ता. २८ जानेवारी १९१७

आक्का,

इथं थंडी इतकी पडली आहे की दौतीतली शाई गोठते. काखेत धरून वितळवावी लागते. पाव कुऱ्हाडीनं तोडतात. अक्षर वेडंवाकडं आहे ते थंडीमुळं.

तू एकोणीस म्हणायला नको होतंस. मी तुझ्यावर रागावलो आहे. हे पुसलं गेलं नसेल तर लिहायला हरकत नाही असं समज.

त्यानं मला ओळखलं, असं तू लिहितेस. ओळखलं असेल. म्हणून काय झालं. घरातला एक माणूस इथं आहे तेवढं पुरे होतं.

नवे लोक येतात तेव्हा मी रस्त्यावर जाऊन उभा राहतो. तीनदा आले. त्यात तो नव्हता. परवा बोटींविषयी एक गोष्ट कानावर आली. (येथे अर्धी ओळ पुसली आहे.) तेव्हापासून रोज जातो. मादाम विचारते, आला का. मी नाही म्हणतो. ती माझ्यासाठी अर्धा पाव राखून ठेवते, तो मी रस्त्यावर नेतो आणि परत आणतो.

मुन्शीला तुझा रामराम सांगायला गेलो. तो म्हणाला, पोचला.

शहादेव


फ्रान्स, ता. २५ मार्च १९१७

आक्का,

तुझ्या पायांवर डोकं. मी पोचलो. मास्तरांनी शिकवलं तसं शुद्ध लिहायचा प्रयत्न करतो. चुकेल तिथं त्यांनी सुधारून वाचावं.

या देशाविषयी मी काही लिहीत नाही. दादानं लिहिलेलं सगळं मी तपासलं, ते खरं आहे. फक्त देवळावरचा कोंबडा लोखंडी नाही, पितळी असावा. नगरच्या फाटकापाशी तू मला म्हणाली होतीस, तिकडं गेलास की दादाची माहिती लिव. ती लिहितो.

दादा उंचीनं होता तेवढाच आहे. अंगानं अर्धा राहिला आहे. दाढी पांढरी झाली आहे, सगळी नाही, डाव्या बाजूची. रोज दोन वेळा जेवतो. मी समोर बसलो तर पोटभर जेवतो.

उजव्या हाताला जानेवारीत घोड्यानं लाथ मारली, असं लिहायचं आहे. तो घोडा मला दाखवला. लई गरीब आहे. मनगट वळत नाही. मागचं पत्र त्यानं डाव्या हातानं लिहिलं होतं, थंडीचं कारण खोटं आहे. डॉक्टरनं त्याला विचारलं होतं, घरी जातोस का. तेव्हा मी समुद्रात होतो. दादानं नो म्हटलं. एवढं इंग्रजी त्याला येतं. मग साहेबांनी एका हातानं होईल असं काम दिलं. तो घोड्यांचे तोबरे भरतो, खरारा मी करतो.

आमची भेट अशी झाली. आम्ही नवे लोक रस्त्यानं रांगेत येत होतो. पाऊस होता. तो कडेला झाडाखाली उभा होता, कोटाच्या आत काहीतरी धरून. मला पाहिलं तरी हाक मारली नाही. रांगेच्या बाजूनं चालत राहिला, पार गोठ्यापर्यंत. तिथं मला गवताच्या भाऱ्यावर बसवलं. माझे बूट काढले आणि तळपाय पाहिले. फोड आले होते. त्यांना तेल लावलं. मग माझ्या थोबाडीत दिली. डाव्या हातानं दिली म्हणून नीट लागली नाही. मग पुन्हा तेल लावलं. कोटाच्या आत अर्धा पाव होता, तो भिजला होता. तो आम्ही दोघांनी खाल्ला.

मादामनं मला लोकरीचे मोजे दिले. कुणाचे ते मी विचारलं नाही, दादानंही सांगितलं नाही. जवसाची चटणी दादानं तीन दिवसांत संपवली. मादामनं एकदा बोटावर घेऊन चाखली, पाणी प्याली, आणि पुन्हा मागितली. धार आता तीच काढते. गाई आवरायला मी उभा राहतो.

पहिले दोन दिवस दादा सारखा बोलत होता. कुठं उभं राहायचं नाही, कुठलं पाणी प्यायचं नाही, (येथे दोन ओळी पुसल्या आहेत.) बोलता बोलता मधेच थांबायचा आणि मी आहे का ते बघायचा. आईचं बोलला. बाचं बोलला. मला ठाऊक नसलेलं लई काही बोलला, ते मी घरी आल्यावर सांगीन. तिसऱ्या दिवशी बोलणं कमी झालं.

काल ऊन पडलं होतं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघांनी घोडे धुतले. एका बाजूला मी, एका बाजूला तो. दिवसभरात दादा एक शब्द बोलला नाही. आक्का, काळजी करू नको. तो बरा आहे.

रामकिसन